बाटली नको, वाट धरा : फ्रान्सच्या द्राक्षबागांमधलं जॉगिंग

युरोपच्या सहलीला निघालेले पेशंट औषधांची चिठ्ठी न्यायला येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, फ्रान्समध्ये वाइन टेस्टिंग आहे. रेड वाइन हार्टला चांगली असते ना? थोडी घेतली तर चालेल?" मुलाकडे किंवा मुलीकडे तिकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्यांचाही सूर हाच असतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते सगळ्यांना आवडतंच असं नाही. त्या द्राक्षबागांमध्ये हृदयाला फायद्याची गोष्ट नक्की आहे, पण ती बाटलीत नाही. ती बागांमधून जाणाऱ्या वाटेवर आहे. टेस्टिंगचा अर्धा दिवस वाचवा, पायात बूट घाला आणि त्या वाटेने चाला. तब्येत साथ देत असेल तर हळूहळू पळा.

वाइनला ही कीर्ती कशी मिळाली?

फ्रेंच माणूस लोणी, चीज भरपूर खातो, तरी त्याला हृदयविकार कमी होतो, असं १९८०च्या दशकातल्या आकडेवारीत दिसत होतं. १९९२ मध्ये सर्ज रनो या फ्रेंच संशोधकाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याची चर्चा केली आणि त्याचं श्रेय वाइनला असू शकतं असं सुचवलं. 'फ्रेंच पॅराडॉक्स' हे नाव जगभर झालं. त्याआधीच अमेरिकेतल्या टीव्हीवर हा विषय गाजला होता आणि तिथे रेड वाइनचा खपही वाढला होता.

पुढे या गोष्टीतल्या फटी दिसू लागल्या. थोडी दारू पिणाऱ्यांची तुलना न पिणाऱ्यांशी केली, तेव्हा 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. साहजिकच थोडी पिणारे जास्त निरोगी दिसले. शिवाय थोडीशी वाइन जेवणासोबत घेणारा माणूस बऱ्याचदा बरं कमावणारा, बरं खाणारा, जास्त चालणारा असतो. वाइनमधल्या ज्या रेस्व्हेरॅट्रॉलचं एवढं कौतुक झालं, ते एका ग्लासात इतकं कमी असतं की त्यापासून औषधासारखा परिणाम मिळणं शक्य नाही.

दारू कॅन्सरला कारणीभूत ठरते, हे कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलं. आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. खुद्द फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात तिथे दारूमुळे सुमारे ४१,००० मृत्यू झाले. तिथलं सरकार आपल्याच लोकांना सांगतं, की आठवड्याला १० ग्लासांपेक्षा जास्त नको, दिवसाला दोनपेक्षा जास्त नको आणि काही दिवस अजिबात नको. ही पिणाऱ्यांसाठी घातलेली मर्यादा आहे. न पिणाऱ्याने सुरुवात करावी असा सल्ला त्यात नाही.

आता वाटेकडे वळू

बर्गंडी हा फ्रान्सच्या पूर्वेकडचा प्रदेश. तिथल्या बोन या छोट्या शहरापासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत द्राक्षबागांमधून सुमारे २० किलोमीटरची एक वाट जाते. पोमार, व्होल्ने, मर्सो ही वाइनच्या बाटल्यांवर दिसणारी नावं म्हणजे या वाटेवरची लहान लहान गावं आहेत. सायकलवाले आणि चालणारे यांच्यासाठी ती आखलेली आहे. अधूनमधून शेतकऱ्याची गाडी किंवा ट्रॅक्टर येतो, बाकी शांतता. दोन्ही बाजूंना कमी उंचीच्या दगडी भिंती आणि त्यामागे वेलींच्या सरळ रांगा. या बागांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उत्तरेकडे अल्सासमध्येही डोंगराच्या पायथ्याशी गावागावांना जोडणाऱ्या अशाच वाटा आहेत.

डॉक्टर म्हणून मला ही वाट का आवडते, ते सांगतो.

पहिलं म्हणजे चढ सौम्य आहे. द्राक्षबागा उतारावर असतात, पण वाट बरीचशी उताराच्या कडेकडेने जाते. त्यामुळे नाडीचे ठोके वाढतात, पण दम तुटत नाही. दुसरं, सिग्नल नाही, हॉर्न नाही. रस्त्यावरच्या सततच्या आवाजाचा ब्लड प्रेशरशी आणि हृदयविकाराशी संबंध आहे. रहदारीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या खाली ठेवावा, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचा २०१८चा सल्ला आहे. म्हणजे शांतता ही आरोग्याची गरज आहे, चैन नव्हे. तिसरं, पुढचं गाव समोर दिसत असतं. 'पोमारच्या चर्चपर्यंत जाऊ आणि परत येऊ' हे मनाला पटकन पटतं. बोन ते पोमार अंतर तीन-चार किलोमीटर आहे. थोडं चालत, थोडं पळत जाऊन-येऊन साधारण एक तास लागतो. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. अशा तीन सकाळी झाल्या, की किमान मर्यादा ओलांडलीच.

अशी वाट आपोआप राहत नाही

आपण म्हणतो, 'त्यांच्याकडे निसर्ग आहे, हवा आहे, म्हणून ते पळतात.' मला हे अर्धंच खरं वाटतं. त्या वाटा टिकाव्यात म्हणून कुणीतरी काम केलेलं आहे.

आपल्याकडच्या पाणंदीसारख्या तिथे ग्रामीण वाटा आहेत. त्या गावाच्या स्थानिक संस्थेच्या मालकीच्या असतात आणि लोकांना वापरायला खुल्या असतात. विसाव्या शतकात जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा अशा कित्येक वाटा नांगराखाली गेल्या. मग १९८३च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याकडे चालण्याच्या वाटांची यादी करण्याची जबाबदारी आली. यादीतली ग्रामीण वाट गावाला विकायची असेल, तर तिच्या बदल्यात दुसरी योग्य वाट द्यावी लागते. लांब पल्ल्याच्या पायवाटांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा असतात. त्या रंगवण्याचं काम १९४७ पासून सुरू आहे आणि आजही बहुतांशी स्वयंसेवक ते करतात.

अल्सासच्या द्राक्षबागांपासून जवळच असलेल्या स्ट्रासबर्ग शहराने २०१२ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. तिथले डॉक्टर डायबेटिस, ब्लड प्रेशर अशा पेशंटना चिठ्ठीवर व्यायाम लिहून देऊ लागले आणि शहराने त्यांच्यासाठी प्रशिक्षक व सोयी उभ्या केल्या. २०१६च्या कायद्याने दीर्घ आजाराच्या पेशंटना व्यायाम लिहून देण्याची तरतूद सगळ्या देशासाठी झाली.

माझं मत इथे स्पष्ट मांडतो. 'रोज चाला' असं आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर लिहितो, पण चालायला जागा नसेल तर त्या दोन शब्दांना अर्थ नाही. पेशंट आळशी आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. वाट राखणं अवघड आहे, पण आरोग्य त्यानेच सुधारतं.

ती कुणाची तरी कामाची जागा आहे

फोटोत द्राक्षबाग फार स्वच्छ, निर्मळ दिसते. प्रत्यक्षात द्राक्ष हे फवारणीचं पीक आहे. नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना हे सांगायला नको. मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण आपले बागायतदार वापरतात, त्याचं नावच फ्रान्सच्या बोर्डो शहरावरून पडलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत. त्या वेलींवर केवडा रोग येत नाही, हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे आणलं.

फ्रान्समध्ये फवारणीनंतर मजुरांनी बागेत परत कधी शिरायचं याचे नियम आहेत. औषधानुसार ही मुदत ६ तासांपासून ४८ तासांपर्यंत असते. कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्याला होणारा पार्किन्सन २०१२ पासून तिथे व्यवसायजन्य आजार मानला जातो. आपण अर्धा तास पळून निघून जातो. तो माणूस तिथे वर्षानुवर्षं काम करतो. धोका दोघांचा सारखा नाही, हे लक्षात ठेवून घाबरू नका आणि बेफिकीरही राहू नका.

वसंतापासून ऑगस्टपर्यंत फवारणीचे दिवस असतात. ट्रॅक्टर फवारताना दिसला किंवा औषधाचा वास आला तर सरळ मागे फिरा. वाऱ्याच्या दिशेला थांबून फोटो काढू नका. दमा असेल तर हे अधिक काटेकोर पाळा. रस्त्याकडेची द्राक्षं तोडून खाऊ नका. ती दुसऱ्याची आहेत आणि धुतलेलीही नाहीत.

निघण्यापूर्वी एवढं करा

* वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा डायबेटिस, ब्लड प्रेशर, हृदयविकार असेल आणि पळायची सवय नसेल, तर इथून निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तोवर फक्त चाला.
* वेग मोजायला घड्याळ लागत नाही. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर हळू व्हा. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या नाडीचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे मनगटावरचा आकडा फसवू शकतो.
* इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
* उतारावर लहान पावलं टाका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच काम करतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ते दुखतात. गुडघ्यांवर भारही जास्त येतो.
* नाशिककडे वेल मांडवावर चढवतात, खाली सावली मिळते. बर्गंडीतल्या वेली जेमतेम छातीएवढ्या. सावली शून्य. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, टोपी आणि पाणी घ्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात विशेष काळजी घ्या.
* तिथे गाड्या उजवीकडून जातात. गावाबाहेरच्या रस्त्यावर तुम्ही डाव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चाला.
* सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो. भडक रंगाचा शर्ट घाला आणि शिकारीची पाटी दिसली तर दुसरी वाट धरा.
* छातीत दडपण, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, चक्कर यांपैकी काही जाणवलं तर लगेच थांबा आणि ११२ला फोन करा. 'जरा बसलो की बरं वाटेल' म्हणून वेळ घालवू नका.

आणि पळण्याआधी किंवा लगेच नंतर वाइन नको. बोर्डोजवळच्या मेदॉकमध्ये १९८५ पासून एक मॅरेथॉन होते. तिथे धावपटू चित्रविचित्र पोशाख करून धावतात आणि वाटेत वाइनचे ग्लास मिळतात. मजा म्हणून ठीक, पण ते आरोग्याचं उदाहरण नाही. दारूने लघवी वाढते, शरीरातलं पाणी कमी होतं, काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. उन्हात पळणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला यातलं काहीही परवडणारं नाही.

सहलीहून येताना लोक बाटली आणतात. तुम्ही सवय घेऊन या. आणि तुमच्या गावात एखादी पाणंद, कालव्याकडेचा रस्ता किंवा टेकडीची वाट अजून शिल्लक असेल, तर तिच्यावर अतिक्रमण होण्याआधी ग्रामसभेत किंवा वॉर्डच्या बैठकीत एकदा तिचा विषय काढा. गोळ्या मी लिहून देऊ शकतो, पण वाट तुम्हालाच मागावी लागेल.