पैसे खात्यात, मगच अपील मागे

विमा कंपनीने दवाखान्याचं बिल नाकारलं, किंवा घरातल्या कर्त्या माणसाच्या अपघाती मृत्यूचा दावा फेटाळला, तर आपली माणसं आता गप्प बसत नाहीत. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातात. तिथल्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होतं आणि छत्रपती संभाजीनगरच्या तारखा सुरू होतात. मग एक दिवस कंपनीकडून निरोप येतो: तडजोड करू, प्रकरण मिटवू.

तडजोडीत कमीपणा नाही, असं आमचं मत आहे. नांदूरघाटातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला कोपीवरून तारखेला येणं परवडत नाही. दवाखान्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज तर रोज वाढतं. थोडी कमी रक्कम लवकर हाती येत असेल तर जरूर घ्या. पण अपील मागे घेण्याच्या कागदावर घाईने सही करू नका.

आधी बघा, अपील कुणाचं आहे. बीडला आपण जिंकलो आणि कंपनी अपिलात गेली असेल, तर तिला निकालातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. कंपनीने नुसतं अपील मागे घेतलं तर बीडचा निकाल कायम राहतो. कमी रकमेवर मिटवत असाल, तर ती भरलेली रक्कम कुणी उचलायची आणि बाकीचे पैसे कधी मिळणार, हे कागदावर आलंच पाहिजे.

अपील आपलं असेल तर धोका जास्त. ते मागे घेतलं की बीडचा आपल्याविरुद्धचा निकाल कायम होतो. ४५ दिवस केव्हाच संपलेले असतात. नंतर कंपनीने हात वर केले तर तोंडी शब्द कामाला येत नाही. म्हणून तडजोडीची पुरसीस दोन्ही बाजूंच्या सहीने आयोगापुढे दाखल करा. रक्कम, शेवटची तारीख आणि बँक खातं त्यात लिहा, आणि त्याप्रमाणे आदेश मागा. आयोगाचा आदेश मोडला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. त्याहून चांगलं म्हणजे पैसे जमा होईपर्यंत पुढची तारीख मागा, पासबुकात नोंद बघा, मग सही करा.

ऑपरेशनच्या आधी आम्ही नर्स संमतीपत्र नातेवाइकांना वाचून दाखवतो. हाही कागद तसाच ओळ न् ओळ वाचून घ्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. जातीचा दाखला जवळ ठेवा आणि १५१०० या क्रमांकावर फोन करा.

येत्या रविवारी विहारात हे पान मोठ्याने वाचा. ज्यांच्या घरी विम्याची तारीख चालू आहे, त्यांना आवर्जून बोलवा.