हसतो कोण, भितो कोण?

आपल्या घरांतून चित्रपट पुष्कळ पाहिले जातात. त्यांविषयी विचार मात्र क्वचितच होतो. नेदरलँड्समध्ये वाढणाऱ्या मुलांना भयपट हवे असतात, वडीलधाऱ्यांना मराठी विनोद. माझ्या मते चित्रपटाचा प्रकार जाहिरातीवरून ठरू नये. पडद्यावर कोण हसतो आणि कोण भितो, ते पाहावे.

१९८८ साली जॉर्ज स्लाऊझर यांचा ‘स्पोरलोस’ हा डच चित्रपट आला. त्यात भूत नाही. रसायनशास्त्र शिकविणारा, बायकामुलांत रमणारा एक सद्‌गृहस्थ क्लोरोफॉर्मचा अंमल किती वेळ टिकतो हे स्वतःवर तपासून पाहतो आणि मग सावज शोधू लागतो. वैद्यक व्यवसायातील माणसाला याहून भयानक काय असणार? मांत्रिक आणून भूत उतरविणारे आपल्याकडील भयपट यापुढे पोरकट वाटतात. शिवाय मुलांच्या मनात मांत्रिकाची पत वाढते, ती निराळीच.

त्याच वर्षी सचिन पिळगांवकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ प्रदर्शित झाला. खोली केवळ जोडप्यांनाच मिळणार, म्हणून दोन तरुण साड्या नेसतात. मी पोट धरून हसलो. त्या सुमारास मी वैद्यकीय शिक्षणासाठी शहरात आलो होतो. खोली शोधताना दोन ठिकाणी आडनाव ऐकताच नकार मिळाला; तिसऱ्या ठिकाणी वडिलांचे नाव सांगून आडनाव गाळले. तेही सोंगच होते, पण त्याचे हसू मला आले नाही. चित्रपटाचा त्यात दोष नाही. लक्ष्मीकांत बेर्डे आजही तितकेच हसवितात.

डिक मास यांच्या ‘फ्लोडर’मध्ये (१९८६) विषारी कचऱ्यावर उभे असलेले घर सोडावे लागलेले गरीब कुटुंब श्रीमंतांच्या वस्तीत आणले जाते. विनोद पुष्कळदा ओंगळ आहे. तथापि शेजाऱ्यांचीही तितकीच टर उडविली आहे, हे मान्य केले पाहिजे.

आणि नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३). जब्याचे कैकाडी कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावते. गावकरी जमून हसतात. राष्ट्रगीत सुरू होताच ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. गावाला हा विनोद आहे. आपण वर्गमुलीच्या नजरेस पडू, या धास्तीने लपू पाहणाऱ्या जब्याला तोच भयपट आहे. याच देशात जन्मलेल्या माझ्या मुलीने विचारले, ‘‘बाबा, हे लोक हसतात का?’’

त्या रात्री १९८८ सालच्या खोलीची हकिकत मी तिला प्रथमच सांगितली.