पिकअप गाडीचा सौदा

भिवंडी तालुक्यातील शेतकऱ्याच्या दारी बैलगाडीची जागा आता पिकअपने घेतली आहे. भात, पेंढा व भाजीपाला कल्याण अगर वाशीच्या बाजारात वेळेवर पोहोचवावयाचा, तर भाड्याच्या गाडीवर विसंबून नेहमीच भागत नाही. २००५ साली टाटा कंपनीने ‘एस’ ही लहान मालवाहू गाडी काढली व लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. तेव्हापासून लहान खातेदारासही स्वतःच्या गाडीचा विचार करणे शक्य झाले. गाडी घ्यावी की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मालाच्या हिशेबाने ठरवावे. घ्यावयाचीच असल्यास सौदा कसा करावा, याविषयी आम्ही चार शब्द लिहीत आहो.

म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा आमचा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात देतो. तोच मनुष्य शोरूममध्ये गेला म्हणजे ‘सूट किती?’ एवढेच विचारून समाधान पावतो. दहा हजारांची सूट हाती पडते, आणि कर्ज, विमा व किरकोळ सामान यांच्या वाटे तिच्या दुप्पट रक्कम निघून जाते. वस्तुतः हा एक सौदा नसून चार सौदे आहेत: गाडीची किंमत, कर्ज, विमा व जुन्या गाडीचे मोल. चारही आकडे निरनिराळे व लेखी मागावेत, आणि असे कागद निदान दोन विक्रेत्यांकडून आणून ताडून पाहावेत.

प्रथम किंमत. मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही घट सरकारने दिलेली आहे. विक्रेत्याची सवलत तीहून वेगळी मोजली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भारासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही; अशा गाडीच्या यादीत परवान्याची रक्कम असल्यास ती खोडावी. विक्री प्रमाणपत्रात गाडी बांधल्याचा महिना व वर्ष नमूद असते. गाडी गतवर्षीची असेल तर किंमत त्या मानाने उतरलीच पाहिजे.

दुसरे कर्ज, व खरी मेख येथेच आहे. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज चार लाख व हप्ता दरमहा २०,००० रुपये होतो. तेच कर्ज घटत्या बाकीवर दहा टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे १७,००० व एकूण व्याज सुमारे २ लाख २० हजार होते. दोन्हीकडे शब्द ‘दहा टक्के’ हेच; अंतर मात्र एक लाख ऐंशी हजारांचे! म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपल्या बँकेत चौकशी करून जावे. विम्याचेही तसेच. विमा कायद्याने आवश्यक आहे, परंतु तो त्याच दुकानातून घेण्याची सक्ती कोणासही करता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. भिवंडीच्या गोदामांचा माल वाहणारा ठेकेदार एका वेळी दहा गाड्या घेतो, तेव्हा विक्रेता त्यास खुर्ची देतो व भावही देतो. एकेकटा जाणाऱ्या शेतकऱ्यास हे बळ कोठून येणार? खत व बियाणे आपण संस्थेमार्फत एकत्र घेतो, मग गाडीच एकट्याने का घ्यावी? कोणी म्हणेल, प्रत्येकाची गरज निराळी असते. ते खरे, पण गाड्या लहानमोठ्या असल्या तरी विक्रेता एक असू शकतो. पाच-सहा सभासदांनी मिळून एकच लेखी मागणी करावी. दसऱ्यास अगर पाडव्यास गाडी दारी आणावयाची असेल, तर सौदा महिनाभर आधी उरकावा; मुहूर्त गाठण्याची घाई ज्यास असते, त्याची मान सौद्यात आधीच वाकलेली असते.

विक्रेता आपला वैरी नव्हे. दुरुस्तीसाठी पुढेही त्याचेच दार ठोठवावयाचे आहे. त्याने वाजवी नफा अवश्य घ्यावा. परंतु तो किती, हे आपणांस कळलेच पाहिजे, व ते कळण्याचा मार्ग लेखी हिशेब आणि एकजूट हाच होय.