पत्रपेटीची मालकी आणि देखभालीचे श्रम

संस्थेचा पत्रव्यवहार कोणाच्या कपाटात राहतो, हा प्रश्न पूर्वी उद्भवत नसे. कपाट संस्थेचे आणि किल्ली चिटणिसांकडे, हे गृहीतच होते. ई-मेल रूढ झाल्यावर मात्र असंख्य वाचनालये, पतसंस्था आणि कामगार संघटना यांनी एखाद्या बड्या कंपनीचे मोफत खाते उघडले, आणि तेही पुष्कळदा पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक नावावर. पदाधिकारी बदलला की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर निघून जातो. 'मोफत' या शब्दाची किंमत येथून सुरू होते.

ही किंमत कशी वसूल होते, हे इतिहासच सांगतो. १९९६ साली निघालेली हॉटमेल १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. खरेदीचे मोल ठरले ते प्रामुख्याने तिच्या वापरकर्त्यांच्या संख्येवरून. २००४ साली जीमेलने इतरांच्या कित्येक पट, म्हणजे एक गिगाबाइट, जागा मोफत देऊ केली आणि त्या मोबदल्यात पत्रांचा मजकूर यंत्राकरवी वाचून जाहिराती दाखविल्या. जाहिरातींसाठी हे वाचन थांबविण्याची घोषणा २०१७ साली झाली. २००६ पासून गूगलने संस्थांना त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर मोफत टपालसेवा दिली. २०१२ च्या डिसेंबरात ती नव्या ग्राहकांना बंद केली आणि २०२२ च्या जानेवारीत जुन्यांनाही पैसे भरण्याची सूचना दिली. पुढे ओरड झाल्यावर वैयक्तिक, अव्यापारी वापराला सूट मिळाली. परंतु सूट देणे वा न देणे हा निर्णय सर्वस्वी एका कंपनीचा होता. वापरणाऱ्यांचा त्यात कोणताही अधिकार नव्हता.

यावर एक साधा पर्याय उपलब्ध आहे. स्वतःचे डोमेन घ्यावे, शेअर्ड होस्टिंगचे खाते भाड्याने घ्यावे आणि त्यावर वेबमेलची मुक्त आज्ञावली बसवावी. शेअर्ड होस्टिंग म्हणजे संगणकांच्या जगातील चाळच होय. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात, म्हणून भाडे परवडते. २००५ साली सुरू झालेली राउंडक्यूब ही आज्ञावली जीपीएल परवान्याखाली मिळते. तिच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. फायली खात्यात उतरवायच्या, एक डेटाबेस तयार करायचा, टपाल-सर्व्हरचा पत्ता नोंदवायचा, पासवर्ड असलेल्या फायली ब्राउझरच्या आवाक्याबाहेर ठेवायच्या आणि शेवटी 'इन्स्टॉलर' फोल्डर काढून टाकायचे. ते तसेच ठेवणे म्हणजे घर बांधून झाल्यावर परांची भिंतीला लावून ठेवणे होय. थोडीफार माहिती असलेला कार्यकर्ता हे काम एका दुपारी उरकू शकतो. पुष्कळ होस्टिंग कंपन्या तर ही आज्ञावली आधीच बसवून देतात.

तथापि वेबमेल ही केवळ खिडकी आहे, कपाट नव्हे, हे विसरता कामा नये. राउंडक्यूबच्या डेटाबेसमध्ये संपर्क-पत्ते आणि पसंती असतात. पत्रे टपाल-सर्व्हरवरच राहतात, आणि तो सर्व्हर होस्टिंग कंपनीचा असतो. मग संस्थेच्या मालकीचे नेमके काय? पत्ता तिचा असतो, आणि सोडून जाण्याचा अधिकार तिचा असतो. आयमॅप हा खुला मानदंड असल्यामुळे पत्रे एका कंपनीकडून दुसरीकडे हलविता येतात, आणि डोमेन स्वतःचे असल्यामुळे पत्ता बदलत नाही. भाडेकरूला घर बदलूनही पत्ता कायम ठेवता यावा, अशी ही विलक्षण सोय आहे. यंत्राच्या मालकीपेक्षा या अधिकाराचे मोल अधिक आहे.

परंतु अधिकारापाठोपाठ जबाबदारी येते. चाळीतील एका बिऱ्हाडाने केलेली घाण सर्वांना सोसावी लागते. तद्वतच सर्व्हरवरील एका शेजाऱ्याने फसवी पत्रे धाडली की सामायिक आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि निरपराध संस्थेची पत्रेही परत येऊ लागतात. आज्ञावलीतही दोष निघतात. राउंडक्यूबमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ दडून राहिलेला एक गंभीर दोष जून २०२५ मध्ये दुरुस्त झाला. एखाद्या खात्याचा पासवर्ड हाती लागलेला हल्लेखोर त्या दोषाच्या आधारे सर्व्हरवर हवे ते चालवू शकत होता. ज्यांनी आज्ञावली बसविली आणि मागे वळून पाहिले नाही, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती आपोआप पोहोचणार नव्हती.

खरा प्रश्न मग बसविण्याचा नसून सांभाळण्याचा आहे. बसविण्यास एक दुपार लागते. सांभाळण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे चालते. अर्थशास्त्राच्या हिशेबात हे श्रम दिसत नाहीत, कारण ते कोणी विकत नाही आणि त्यांची पावती फाटत नाही. बड्या कंपन्यांचे सामर्थ्य याच अदृश्य श्रमांच्या संघटनेत आहे. ते नाकारून त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

एकेका लहान संस्थेला हे ओझे एकटीने पेलणार नाही. दहा संस्थांनी मिळून एक होस्टिंग खाते घ्यावे, त्याची सुधारणा आणि प्रती राखणे हे काम एका जाणकाराकडे सोपवावे, आणि त्याला त्याचा मोबदला द्यावा, हे मात्र सहज साधण्याजोगे आहे. सार्वजनिक विहीर गाळ उपसल्यावाचून स्वच्छ राहत नाही. उपसणाऱ्याची मजुरी वर्गणीत धरली गेली, तरच ती विहीर गावाची राहील.