अंकाचा अर्थ कोठें असतो?

शब्द संदिग्ध असतो, अंक मात्र निश्चित, अशी समजूत विद्यार्थिवर्गांत सर्वत्र आढळते. गणिताच्या तासाला ती खपून जाते. परंतु ज्या यंत्रांच्या आधारें आज जगांतील संगणक एकमेकांशीं बोलतात, त्यांच्या बाबतींत ती साफ चुकीची आहे, असें आमचें मत आहे.

दूरदेशीं धाडलेला संदेश कोणत्या वाटेनें न्यावा हें ठरविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. हे राउटर वाटांची खबर एकमेकांस सतत देत असतात. पण ती वाक्यांनीं नव्हे, तर ठराविक लांबीच्या रकान्यांत मांडलेल्या अंकांनीं. टपालाच्या पिनकोडांत पहिल्या घरांतील ४ म्हणजे चार वस्तु नव्हेत, तर देशाचा एक विभाग होय. तसाच हा प्रकार समजावा. कोणत्या रकान्यांतील अंकाचा काय अर्थ घ्यावा हें ज्यांत लिहिलेलें असतें, त्या लेखास मानक म्हणतात.

उदाहरणार्थ, रिप नांवाची नियमावली घ्या. तिचें मानक १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत अंतराचा रकाना ३२ बिटांचा आहे. म्हणजे चारशें कोटींहून मोठी संख्याही त्यांत मावेल. तथापि मानक सांगतें कीं, १ ते १५ हें खरें अंतर, आणि १६ म्हणजे अनंत, अर्थात् तेथें वाटच नाहीं. ही मर्यादा लहरीनें घातलेली नाहीं. वाट तुटली असतां शेजारचे राउटर एकमेकांच्या जुन्या सांगण्यावर विसंबून अंतर वाढवीत बसतात. अनंत जितकें जवळ, तितका हा भ्रम लवकर संपतो.

मोठमोठीं जाळीं जोडणाऱ्या बीजीपी नियमावलीचें २००६ सालचें मानक पाहा. शेजारी किती सेकंद मौन राहिला म्हणजे संबंध तुटला असें मानावें, हें सांगणारा रकाना त्यांत आहे. तेथें ० चा अर्थ 'शून्य सेकंद' असा नव्हे. 'मुदत मोजूंच नये' असा आहे. १ व २ हे अंक नाकारलेच पाहिजेत. ३ पासून पुढें सेकंद मोजावयाचे. रकाना एक, पण अर्थाचे प्रकार तीन!

अर्थाच्या नियमांत उणीव राहिली तर काय होतें, तें अमेरिकेंतील आर्पानेट या जाळ्यास २७ ऑक्टोबर १९८० रोजीं कळलें. तेथें खबर नवी कीं जुनी हें ६ बिटांच्या क्रमांकावरून ठरे, आणि ६३ नंतर पुन्हा ० येई. सदोष यंत्रांतून बिट गळाल्यामुळें एकाच ठिकाणच्या खबरा ४४, ४० व ८ अशा तीन क्रमांकांनीं फिरूं लागल्या. नियमाप्रमाणें ४४ हा ४० हून नवा, ४० हा ८ हून नवा, आणि वर्तुळाकार मोजणीमुळें ८ हा ४४ हून नवा! इतर यंत्रें आज्ञाधारकपणें त्या पुनःपुन्हा स्वीकारीत व पुढें धाडीत राहिलीं, आणि कित्येक तास जाळें निरुपयोगी झालें. त्या यंत्रांनीं नियम पाळलाच होता; नियमालाच हा प्रसंग ठाऊक नव्हता. ओएसपीएफ नियमावलीच्या १९९८ सालच्या मानकांत असा क्रमांक ३२ बिटांचा असून तो वर्तुळांत न फिरतां सरळ चढत जातो.

कोणी म्हणतील, यंत्रें तयार मिळत असतां मानकें वाचण्याचे कष्ट कशाला? त्यांस आमचें उत्तर असें कीं, तीं यंत्रें कोणीतरी मानक वाचूनच घडविलेलीं असतात. आणि एका वाक्याचे दोघांनीं दोन अर्थ घेतले, तर शेजारचीं यंत्रेंही परस्परांस अबोल होतात. म्हणून 'रकाना किती बिटांचा?' एवढें पाठ करवून घेणें हें शिक्षण नव्हे. 'हा अंक असाच कां ठेवला?' हा प्रश्न मुलांनीं विचारावा, शिक्षकांनीं तो विचारूं द्यावा, आणि पालकांनीं केवळ गुणांवर समाधान मानूं नये.

मानकांत कित्येक रकाने राखीव ठेवलेले असतात. पाठविणारानें त्यांत शून्य लिहावें व घेणारानें तिकडे लक्ष देऊं नये, असा त्यांविषयीं बहुधा नियम असतो. विद्यार्थिमित्रहो, लेख जेथें बोलतो तेथें तो अक्षरशः ऐका. जेथें तो मौन धरतो, तेथें पदरचा अर्थ घालूं नका. ही संवय ज्यास लागली, त्याच्या हातीं कोणतेंही यंत्र निर्धास्तपणें सोंपवावें.