धाड पडते, गोळ्या चुकतात

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी अधूनमधून येतेच. अमुक उपनगरातल्या लॉजवर, मसाज पार्लरवर किंवा भाड्याच्या फ्लॅटवर पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून धाड टाकली, ‘सेक्स रॅकेट’ उघडकीस आणले, इतक्या ‘पीडित’ महिलांची सुटका करून त्यांची सुधारगृहात रवानगी केली. बातमी तिथे संपते. त्या बाईचे पुढे काय झाले, हे कोणी छापत नाही.

आरोग्याचे काम करताना ते पुढचे आम्ही पाहिले आहे. आमच्या विहारात भरणाऱ्या आरोग्य शिबिराला एक ताई नेमाने येत. त्यांचे नाव आणि वस्ती इथे लिहिणार नाही. याच अटीवर त्यांनी आपली हकीकत सांगायची परवानगी दिली. नवरा दारूने गेला. चार घरची धुणीभांडी लॉकडाऊनमध्ये सुटली ती सुटलीच. मग त्या स्टेशनजवळच्या एका लॉजवर जाऊ लागल्या. त्यांना एचआयव्हीची लागण आहे. सरकारी केंद्रातून एआरटीच्या गोळ्या मिळतात आणि चार वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता.

धाड पडली तेव्हा गोळ्या घरी डब्यात होत्या. पोलीस ठाणे, वैद्यकीय तपासणी, कोर्ट आणि मग सुधारगृह. चारचौघांत “मला एचआयव्ही आहे, माझ्या गोळ्या आणू द्या” असे सांगायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि बाजूला घेऊन कोणी विचारले नाही. अठरा दिवस गोळी नाही. पर्समधली कंडोमची पाकिटे पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून लिहिली गेली. त्यांची मुलगी दहावीला होती. शेजारणीने मोबाईलवर तिला बातमीचा व्हिडिओ दाखवला. बाईंनी तोंडावर ओढणी घेतली होती, पण ती ओढणी मुलीने ओळखली. महिनाअखेरीस घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली.

आता या ताई दुसऱ्या उपनगरात जातात, एकट्या जातात, आणि पर्समध्ये कंडोम ठेवायला घाबरतात. धाडीने नेमके काय साधले, हा आमचा प्रश्न इथून सुरू होतो.

कायदा काय सांगतो, ते आधी पाहू. १९५६ चा हा कायदा १९८६ च्या दुरुस्तीनंतर ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ म्हणून ओळखला जातो. पोलिसांच्या आणि वस्तीच्या तोंडी तो ‘पिटा’. सज्ञान बाईने स्वतः पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे एवढाच गुन्हा या कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, बायकांना या धंद्यात आणणे किंवा डांबून ठेवणे, दुसऱ्याच्या या कमाईवर जगणे, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे, आणि सार्वजनिक जागेजवळ हा व्यवसाय करणे.

वाचताना वाटते की दलाल आणि मालकासाठीच हा कायदा आहे. पण त्याची कलमे गरिबाच्या खोलीला लावून पाहा. दोन बायकांनी एकमेकींच्या सोबतीसाठी, मारकुटे गिऱ्हाईक आले तर हाक मारता यावी म्हणून, एक खोली वापरली, तरी ‘दोघींच्या फायद्यासाठी वापरलेली खोली’ म्हणून तिला कुंटणखाना ठरवता येते. म्हणजे सुरक्षित राहायचे तर कायदा मोडतो आणि कायदा पाळायचा तर एकटीने जीव धोक्यात घालायचा. दुसरे कलम अठरा वर्षांवरील ज्या व्यक्ती अशा कमाईवर जाणूनबुजून जगतात त्यांना गुन्हेगार ठरवते. दलालासाठी केलेले हे कलम आईच्या पैशावर कॉलेज शिकणाऱ्या मुलावरही रोखता येते. तिसरे कलम म्हणते की प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय गुन्हा आहे. आपल्या वस्तीत विहार, देऊळ, बालवाडी, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटर दूर असलेली एक तरी खोली दाखवा! दाटीवाटीत राहणे हाच इथे गुन्ह्याचा आधार होतो.

धाडीसाठी कायद्याने काही बंधने घातली आहेत. वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण झडतीला निदान दोन महिला पोलीस हव्यात. पंच म्हणून दोन किंवा अधिक प्रतिष्ठित नागरिक हवेत आणि त्यात एक तरी बाई हवी. बाईची चौकशी महिला पोलिसाने करायची. हे पाळले गेले की नाही, हे विचारायचा हक्क पकडलेल्या बाईला आहे. पण तो तिला सांगतो कोण?

पुढचा टप्पा ‘सुटके’चा. चौकशी चालू असताना दंडाधिकारी तिला तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवू शकतात आणि नंतर एक ते तीन वर्षे सुधारगृहात पाठवू शकतात. ज्या बाईवर गुन्हाच नाही, जिला कागदावर ‘पीडित’ लिहिले आहे, ती वर्षभर बंद दाराआड राहते. २०१९ मध्ये मुंबईत मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून पकडलेल्या तीन सज्ञान तरुणींच्या बाबतीत असेच झाले. त्या बेडिया समाजाच्या आहेत, त्या समाजात मुलींना या व्यवसायात पाठवण्याची रीत आहे, म्हणून त्यांना घरी सोडणे योग्य नाही, असे धरून त्यांना एक वर्ष संस्थेत ठेवण्याचा आदेश झाला. जात पाहून कैद ठरली. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सज्ञान स्त्रीला कुठे राहावे आणि कोणता व्यवसाय करावा हे ठरवण्याचा अधिकार आहे, तिच्या इच्छेविरुद्ध तिला डांबता येत नाही, असे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी स्पष्ट केले. २०२३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानेही मुलुंडच्या धाडीत पकडून वर्षभरासाठी पाठवलेल्या एका बाईची मुक्तता केली. तिला दोन लहान मुले होती. या बायकांना वरच्या कोर्टापर्यंत जाता आले. आपल्या ताईसारख्या बहुतेकींना वकील कुठे गाठायचा हेही ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा आदेश वस्तीतल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. त्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठात न्या. भूषण गवईही होते. पोलिसांनी या स्त्रियांशी माणुसकीने वागावे, शिवीगाळ व मारहाण करू नये, असे आदेशात आहे. इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी करून त्यांच्या सुटकेची प्रकरणे मुदतीत निकाली काढावीत, असे आहे. धाडीच्या बातम्यांत ओळख किंवा छायाचित्र उघड होऊ नये, असे आहे. आणि आरोग्यासाठी केलेले उपाय, म्हणजे कंडोम बाळगणे, हा गुन्हा किंवा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असेही आहे. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. धाडीत सज्ञान, स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईला अटकच करू नये ही शिफारस समितीने केली होती. पण केंद्र सरकारने तिच्याबद्दल हरकत नोंदवली आणि त्या दिवशी तिला बंधनकारक आदेशाचे रूप मिळाले नाही. “कोर्टाने सगळे मोकळे केले” असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबून राहू नका.

कंडोमची गोष्ट एवढी महत्त्वाची का? १९९२ पासून सांगलीत ‘संग्राम’ने या व्यवसायातल्या बायकांच्याच हातात कंडोम वाटपाचे काम दिले. त्यातून पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. बायका एकमेकींना सांगू लागल्या, गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणू लागल्या. हे काम विश्वासावर चालते. पंचनाम्यात कंडोम आला की मालक खोलीत कंडोम ठेवू देत नाही, बाई पर्समध्ये ठेवत नाही. धाडीच्या भीतीने बायका मोबाईलवरून ठरवून रोज वेगळ्या जागी जातात, मग आरोग्य कार्यकर्ती त्यांना गाठणार कशी? तपासणी लांबते आणि उपचार सुटतो. एआरटी नियमित घेऊन रक्तातले विषाणू नियंत्रणात राहिले तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे विज्ञान आता पक्के आहे. गोळ्या वारंवार किंवा बरेच दिवस चुकल्या तर विषाणू वाढतात आणि औषधाला दाद न देण्याचा धोका असतो. ज्या बाईने चार वर्षे शिस्तीने आपला व इतरांचा जीव सांभाळला, तिची ती शिस्त धाडीने मोडली. एचआयव्ही आणि एड्स अधिनियम, २०१७ नुसार लागण टाळण्यासाठी कंडोम देणे, घेणे व वापरणे यावरून कोणावर कारवाई करता येत नाही. संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि निकाल उघड करता येत नाही. म्हणजे एक कायदा जे जपायला सांगतो, ते दुसऱ्या कायद्याच्या अंमलबजावणीत पायदळी जाते.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. “हा धंदा आपल्या आयाबहिणींवर जातीने लादला. बाबासाहेबांनी तो सोडायला सांगितले. मग तुम्ही त्याची बाजू घेता?” प्रश्न रास्त आहे. १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या बहिणींना हे जीवन सोडण्याचे कळकळीने आवाहन केले, हे आम्ही विसरलेलो नाही. चळवळीत यावर दोन मते आहेत. कोणी याला जातीची गुलामी म्हणतात, कोणी पोटासाठीचे काम म्हणतात. तो वाद या पानावर मिटणार नाही. पण बाबासाहेब त्या बहिणींसमोर उभे राहून बोलले, त्यांना विचार करायला लायक माणसे मानून बोलले. पोलिसी दंडुका, मोबाईलवरचा व्हिडिओ आणि कुलूपबंद दार यांना त्या आवाहनाचे नाव देता येणार नाही. ज्या ताईला हा धंदा सोडायचा आहे तिला रेशन कार्ड, डोक्यावर छप्पर, मुलांची फी आणि रोजगार हवा. धाडीतून यातले काही मिळत नाही. उलट असलेली खोलीही जाते.

अल्पवयीन मुलगी असेल, कोणाला विकून किंवा फसवून आणले असेल, डांबून ठेवले असेल, तर पोलिसांनी तातडीने जायलाच हवे. तिथे आम्ही पोलिसांच्या सोबत आहोत. संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार मनाई केला आहे. कलम २१ ने प्रत्येकाला जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क दिला आहे. ही दोन्ही कलमे एकाच संविधानातली आहेत. विकणाऱ्याला पकडताना जिला विकले तिचे, किंवा जी स्वतः आली तिचे, स्वातंत्र्य काढून घेण्याची गरज नाही.

म्हणून पोलिसांकडे आमचे मागणे साधे आहे. पंचनाम्यात कंडोम लिहू नका. व्हिडिओ काढू देऊ नका. ताब्यात घेतलेल्या प्रत्येक बाईला महिला पोलिसाने बाजूला घेऊन विचारावे, “रोजची औषधे चालू आहेत का? घरी लहान मूल आहे का?” टीबीच्या, मधुमेहाच्या, एआरटीच्या गोळ्या त्याच दिवशी मागवाव्यात.

आणि आपण काय करायचे?

धाडीचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. शेजारणीने तो मुलीला दाखवला नसता तर एक घर वाचले असते. कोणाच्या आईबद्दल कळले तरी तिच्या मुलांना शाळेत, विहारात, नळावर टोमणे ऐकावे लागणार नाहीत एवढे पाहा.

घरात कोणाची एआरटी चालू असेल तर उपचार कार्डाचा फोटो विश्वासाच्या एका माणसाकडे ठेवा. कोणी ताब्यात गेले तर त्या माणसाने लगेच एआरटी केंद्रात कळवावे. कोर्टात उभे केल्यावर दंडाधिकाऱ्यांना “माझे औषध बंद पडले आहे” एवढेच सांगितले तरी चालते. आजाराचे नाव चारचौघांत घ्यायची गरज नाही.

मोफत वकिलासाठी १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. एचआयव्हीबद्दलच्या शंकांसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. जबरदस्ती झाली असेल तर कोणतेही सरकारी किंवा खाजगी रुग्णालय मोफत प्राथमिक उपचार नाकारू शकत नाही, मग ती बाई कोणताही व्यवसाय करत असो. अशा वेळी एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. जितके लवकर तितके चांगले.

वैशालीच्या आम्रपालीने भगवान बुद्धांना भोजनाचे निमंत्रण दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. लिच्छवी राजपुत्रांनी मागाहून निमंत्रण दिले, तरी त्यांनी दिलेला शब्द मोडला नाही. आमच्या ताई गेले दोन महिने पुन्हा शिबिराला येतात. पहिल्या दिवशी त्या दाराशीच उभ्या होत्या. आत येऊ का, असे त्यांनी विचारले. सतरंजीवर बसलेल्या आयांनी सरकून जागा केली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत.

जयभीम.