चेहरा छान, पण हिशेब कुठे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाचं रजिस्टर भिजलं. शाई पसरली, पानं चिकटली. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती उरलं, हे पासबुकं समोर घेऊन जुळवता जुळवता तीन दिवस गेले. एकमेकींवर संशय घ्यायची वेळ आली हो! तेव्हाच ठरलं, हिशेब मोबाइलवर आणायचा.

माझी भाची कॉलेजात कम्प्युटर शिकते. तिने दोन दिवसांत ॲप दाखवलं. गुलाबी रंग, गटाचं नाव, 'हप्ता भरा'चं बटण. सगळ्या खूश! पण गटातल्या एका आजींनी बटण दाबून विचारलं, "माझे दोनशे कुठं दिसतायत?" भाची ओशाळली. म्हणाली, "आजी, हा नुसता चेहरा आहे. मागचं काम अजून लिहायचंय."

तिथे मला फरक कळला. काही साधनं फक्त स्क्रीन मांडून देतात. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये बटणं, चौकटी माउसने ओढून ठेवता यायच्या. पण बटण दाबल्यावर काय व्हावं, ते कोड लिहूनच सांगावं लागे. लो-कोड प्लॅटफॉर्ममध्ये स्क्रीनबरोबरच माहिती साठवणं, व्याजाचा नियम, कुणी काय पाहायचं याचीही सोय असते. गूगलने २०२० मध्ये विकत घेतलेलं ॲपशीट असंच. एक्सेलसारखा तक्ता आधी करायचा, त्यावर ॲप उभं राहतं.

मग डोळे मिटून लो-कोडच घ्यावं का? नाही. ते भाड्याचं घर आहे. बरेचदा दर माणशी, दर महिन्याला पैसे मोजावे लागतात. आणि मालकाने घर बंद केलं तर? गूगलचंच ॲप मेकर जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं. त्यावर केलेली ॲप्स जशीच्या तशी दुसरीकडे हलवता येत नव्हती, नव्याने बांधावी लागली.

उलट, कोड लिहिणारं माणूस कायम हाताशी असेल आणि काम जरा जगावेगळं असेल, तर स्क्रीन मांडून मागचं काम स्वतः लिहिणं बरं. पण आमची भाची उद्या नोकरीला पुण्याला गेली, तर दुरुस्ती कोण करणार? म्हणून आम्ही तक्त्यावरचं लो-कोड निवडलं. मात्र एक अट घातली. दर महिनाअखेर सगळा तक्ता उतरवून घ्यायचा, छापायचा आणि बैठकीत वाचून त्यावर सह्या करायच्या.

तुमच्या गटात कुणी ॲप दाखवायला आलं, तर रंग नंतर बघा. आधी तीन गोष्टी विचारा. आमची माहिती कुठे राहणार? ती पूर्ण बाहेर काढता येईल का? आणि तुम्ही नसाल तेव्हा दुरुस्त कोण करणार? आपल्याला त्यातलं काय कळतंय म्हणून गप्प बसू नका. पैसे आपल्या घामाचे आहेत, मग विचारायला लाज कसली?